माळ्यावरची लोकर आणि शॉवरची केबल

इंग्लंडमधल्या जुन्या घरांत वरच्या मजल्याची बरीचशी वीज माळ्यावरून खाली उतरते. आपल्याकडे स्लॅबमध्ये आणि भिंतीत पाइप टाकून त्यातून सुट्या वायरी ओढतात. इथे मात्र दोन वायरी आणि त्यांच्यामध्ये अर्थची उघडी तांब्याची तार, अशा तिन्ही एकाच चपट्या राखाडी आवरणात बसवलेली केबल वापरतात. तिला 'ट्विन अँड अर्थ' म्हणतात, आणि ती कोणत्याही पाइपाविना तुळयांना क्लिपांनी ठोकलेली किंवा नुसतीच सीलिंगच्या पाठीवर पडलेली असते. त्यामुळे घर उबदार राहावे म्हणून माळ्यावर ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) अंथरायचे ठरवले, की ते बहुतेक वेळा या केबलींवरच अंथरावे लागते. रेडिंगजवळच्या आमच्या घरात हे काम आम्ही घरच्या घरी केले. त्यात लोकर पसरण्याचा भाग सगळ्यांत सोपा होता आणि केबलींचा विचार करण्याचा भाग सगळ्यांत लांबला.

घर १९३०च्या दशकातले, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेले, कौलारू. माळ्याच्या तळाशी साधारण १०० मिलिमीटर उंचीच्या लाकडी तुळया आहेत आणि त्यांच्या मधल्या खणांत कधी काळी कोणी तरी अंथरलेली पिवळी लोकर होती. ती दबून जेमतेम ५० मिलिमीटर उरली होती आणि धुळीने काळी पडली होती. सध्याची शिफारस २७० मिलिमीटरची आहे: १०० मिलिमीटरचा एक थर तुळयांच्या मधोमध आणि १७० मिलिमीटरचा दुसरा थर तुळयांना आडवा, म्हणजे लाकूडही झाकले जाते. २०२२ साली गॅस आणि विजेचे दर ज्या वेगाने चढले, त्यानंतर ही शिफारस आमच्या घरात कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

सुरुवातीला एका कंत्राटदाराचा माणूस पाहणीला येऊन गेला. त्याने माळ्याच्या दारातून डोके वर काढले, टॉर्च फिरवला आणि सगळे सरळ अंथरून टाकू, केबलींचे काही बघावे लागत नाही, असे सांगितले. त्या उन्हाळ्यात माझे वडील आमच्याकडे राहायला आलेले होते. बाबा वीज मंडळाच्या वितरण विभागातून निवृत्त झाले आहेत, आणि परक्या घरी गेले तरी मीटरचा खोका उघडून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नाही. तो माणूस गेल्यावर चहा घेताना त्यांनी एवढेच विचारले, "अगं, त्या केबलींतली कोणती कशाला जाते, हे तुम्हाला माहीत आहे का?" मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग आधी ते शोधा. लोड कळल्याशिवाय पांघरूण घालायचे नाही." पुढचे सगळे काम त्याच क्रमाने झाले.

प्रश्न उष्णतेचा आहे. केबलमधून प्रवाह गेला की तांब्याच्या रोधामुळे ती थोडी तापते, आणि हे तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. मोकळ्या हवेत किंवा लाकडावर ठोकलेल्या केबलची ही उष्णता आजूबाजूला निघून जाते आणि केबल एका सुरक्षित तापमानाला स्थिरावते. ग्लासवूलचे कामच उष्णता अडवण्याचे, त्यामुळे तिच्यात बुडालेली केबल त्याच प्रवाहाला कितीतरी जास्त तापते. साध्या पीव्हीसी आवरणाच्या केबलमधल्या तांब्याला सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते. त्याहून जास्त वर्षानुवर्षे तापत राहिली तर पीव्हीसी कडक होते, तडकते आणि शेवटी उघड्या तारा एकमेकींना किंवा लाकडाला भिडण्याची वेळ येते. असे नुकसान एका दिवसात दिसत नाही, आणि लोकरीखाली तर मुळीच दिसत नाही.

इथल्या वायरिंगच्या नियमांत, म्हणजे बीएस ७६७१ या मानकात, यासाठी कोष्टके दिलेली आहेत. ट्विन अँड अर्थची सहा एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद सहा चौरस मिलिमीटर असलेली) केबल भिंतीवर किंवा लाकडावर उघडी ठोकलेली असेल तर तिला ४७ अँपिअर झेपतात. तीच सीलिंगला टेकलेली आणि तिच्यावर १०० मिलिमीटरपर्यंत लोकर असेल तर ३४, लोकर त्याहून जाड असेल तर २७, आणि चहूबाजूंनी लोकरीत बुडाली असेल तर फक्त २३.५. केबल तीच आणि तांबेही तेवढेच, तरी निम्मी क्षमता गेली. बाबांनी हे आकडे वाचून मान डोलावली. जमिनीखालच्या केबलींसाठी मातीचा प्रकार आणि शेजारी आणखी किती केबली आहेत हे पाहून असेच गुणक लावावे लागतात, त्यामुळे त्यांना यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मला मात्र वाटले, कारण तोपर्यंत केबलची क्षमता म्हणजे तिच्या जाडीचा आकडा, एवढीच माझी समजूत होती.

मग शोधाशोध सुरू झाली. जुनी लोकर हलक्या हाताने गुंडाळून बाजूला केली तेव्हा खाली तीन पिढ्यांचे वायरिंग निघाले. काही केबलींच्या टोकांशी लाल आणि काळ्या वायरी होत्या, काहींत तपकिरी आणि निळ्या. इथे २००४ पासून नवे रंग आले आणि मार्च २००६ नंतर नव्या कामात तेच सक्तीचे झाले, त्यामुळे नुसत्या रंगांवरून कोणते काम जुने आणि कोणते अलीकडचे याचा अंदाज येतो. रबरी किंवा शिशाच्या आवरणाची एकही केबल नव्हती, हे बरे झाले. तशी सापडली असती तर लोकरीचा विषय बाजूला ठेवून आधी सगळे वायरिंग बदलावे लागले असते, कारण जुने रबर हात लावताच भुगा होऊन गळते. जुन्या घरांत खणांमध्ये बारीक चकचकीत दाण्यांचे सैल भरण आढळले, तर तेही न हलवता तपासून घ्यावे लागते, कारण अशा जुन्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे या दाणेदार खनिजाच्या भरणात, ॲसबेस्टॉस असू शकतो.

कोणती केबल कशाची, हे ओळखण्यासाठी नवरा खाली एमसीबीच्या पेटीजवळ उभा राहिला, मुलगी खोल्याखोल्यांतून दिवे आणि सॉकेट तपासत फिरली आणि मी वर कागदावर नकाशा काढला. पेटीवर आधीच्या मालकाने चिकटवलेल्या चिठ्ठ्यांपैकी 'वरचा मजला' ही चिठ्ठी ज्या एमसीबीवर होती, त्याने स्वयंपाकघरातला दिवा बंद झाला. चिठ्ठ्यांवर विसंबू नये, हे बाबा दारात खुर्ची टाकून बसल्या बसल्या आधीच बजावत होते. केबलला टेकवून बघायच्या पेनसारख्या टेस्टरवरही त्यांचा विश्वास नव्हता. तो लागला तर वीज आहे हे कळते, पण लागला नाही म्हणून वीज नाही असे धरून चालू नये, असे त्यांचे म्हणणे. एकही डबी उघडायची नाही आणि एकाही केबलचे टोक सोडवायचे नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलेले होते. आम्हाला ओळख हवी होती, दुरुस्ती नको होती.

नकाशा पुरा झाल्यावर चित्र स्पष्ट झाले. माळ्यावरच्या बहुतेक केबली दिव्यांच्या होत्या, एक एमएमच्या, ६ अँपिअरच्या एमसीबीवर. एक एमएमची केबल लोकरीत चारही बाजूंनी बुडाली तरी कोष्टकानुसार तिला ८ अँपिअर झेपतात, आणि एलईडी दिवे लावल्यापासून आमच्या वरच्या मजल्यावरचे सगळे दिवे मिळून एक अँपिअरही घेत नाहीत. म्हणजे दिव्यांच्या केबलींची चिंता करण्याचे कारण नव्हते. माळ्यावरची प्रत्येक केबल लोकरीच्या वर आलीच पाहिजे, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला सुरक्षित आहे, पण त्यामुळे माणूस साऱ्या केबलींकडे एकाच नजरेने पाहतो आणि जिथे खरोखर लक्ष द्यायला हवे तिथे कमी देतो, असे मला वाटते.

लक्ष द्यायच्या केबली आमच्याकडे तीन निघाल्या. पहिली अडीच एमएमची, मागच्या दोन खोल्यांतल्या सॉकेटांना जाणारी. इथे सॉकेटांची केबल पेटीपासून निघून सगळीकडे फिरून पुन्हा पेटीत येते, अशी कडी करतात आणि तिला ३२ अँपिअरचा एमसीबी लावतात. अशा कडीत केबलच्या प्रत्येक भागाला किमान २० अँपिअर झेपले पाहिजेत असा नियम आहे. सीलिंगला टेकलेल्या अडीच एमएमच्या केबलवर १०० मिलिमीटरपर्यंत लोकर असेल तर तिला २१ झेपतात, त्याहून जाड थर आला की १७. म्हणजे आमची जुनी दबलेली लोकर असताना जे नियमात बसत होते, ते २७० मिलिमीटर अंथरताच नियमाबाहेर गेले असते, आणि तेही विजेच्या एकाही वस्तूला हात न लावता.

दुसरी केबल पाणी तापवायच्या टाकीतल्या इमर्शन हीटरची. हीटर तीन किलोवॉटचा, म्हणजे १३ अँपिअरच्या आसपास. आकडा शॉवरच्या मानाने लहान, पण तो एकदा लागला की तासभर किंवा त्याहून जास्त वेळ सलग चालतो. अडीच एमएमची केबल लोकरीत पूर्ण बुडाली तर तिची मर्यादा १३.५ अँपिअर. नुसता हीटर त्यात जेमतेम मावतो, पण त्याचा एमसीबी १६ अँपिअरचा आहे, आणि केबलला जेवढे झेपते त्याहून मोठा एमसीबी तिचे रक्षण करू शकत नाही.

तिसरी, आणि सगळ्यांत जाड, न्हाणीघरातल्या विजेच्या शॉवरची. इथे बऱ्याच घरांत शॉवरच्या पेटीतच थंड पाणी जागच्या जागी तापवतात, त्यासाठी आमचा शॉवर साडेनऊ किलोवॉट घेतो, म्हणजे सुमारे ४० अँपिअर. केबल सहा एमएमची, एमसीबी ४० अँपिअरचा. केबल उघडी असती तर हे ठीक होते, पण ती दोन तुळयांच्या मधल्या खणात सीलिंगवर पडलेली होती. नवी लोकर घातल्यावर तिची मर्यादा २७ अँपिअरवर आली असती.

यावर घरात बराच खल झाला. नवऱ्याचे म्हणणे असे की कोष्टकातले आकडे सतत वाहणाऱ्या प्रवाहासाठी आहेत, आणि शॉवर एका वेळी जेमतेम दहा मिनिटे चालतो. एवढ्यात तांब्याला आणि पीव्हीसीला कमाल तापमानापर्यंत चढायलाच सवड मिळत नाही. मुद्दा चुकीचा नाही, बाबांनीही तो मान्य केला. पण शाळा आणि ऑफिसच्या सकाळी आमच्याकडे एकामागून एक चौघे अंघोळी करतात आणि मध्ये केबल थंड व्हायला वेळ मिळत नाही. शिवाय उद्या घर विकले, नव्या माणसाने त्याच केबलवर साडेदहा किलोवॉटचा शॉवर बसवला, तर लोकरीखाली काय आहे हे त्याला कोण सांगणार? "कोष्टक तुमच्या आजच्या अंघोळीसाठी नसते रे," एवढे बोलून बाबांनी तो वाद संपवला.

नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन बोलावला. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरातल्या विजेच्या कामाला बांधकाम नियमांचा 'पार्ट पी' लागू आहे, आणि एनआयसीईआयसी किंवा नॅपिट यांसारख्या योजनांत नोंदलेला माणूस स्वतःच्या कामाचा दाखला स्वतः देऊ शकतो. आलेल्या गृहस्थांना मी माझा नकाशा दाखवला तेव्हा त्यांचे अर्धे काम वाचले, असे ते म्हणाले. सॉकेटांची आणि हीटरची केबल यांत पुरेशी ढील होती, त्यामुळे त्या दोन्ही उचलून, वाशांच्या बाजूला आडव्या मारलेल्या लाकडी पट्टीवर, भावी लोकरीच्या पातळीच्या वर त्यांनी क्लिपांनी बसवल्या. या दोन्ही खाली उतरतात त्या जागी लोकर कापून मोकळी विहीर ठेवायची, असे त्यांनी खडूने खुणा करून सांगितले. शॉवरच्या केबलला ढील नव्हती, आणि नुसती उचलूनही तिचा प्रश्न सुटणार नव्हता. हा भाग मला सगळ्यांत रोचक वाटला.

केबल माळ्यावरून कितीही उंचावरून नेली, तरी शेवटी तिला सीलिंगमधून खाली, दोरीच्या स्विचपर्यंत, उतरावेच लागते. आणि उतरताना ती लोकरीच्या सगळ्या जाडीतून उभी जाते. एवढासा भाग म्हणून तो सोडून देण्याचा मोह होतो. पण नियमांत यासाठीही गुणक आहेत: केबल ५० मिलिमीटर लोकरीतून जात असेल तर क्षमता ०.८८ पट, १०० मिलिमीटरला ०.७८ पट, २०० ला ०.६३ पट, ४०० ला ०.५१ पट, आणि अर्ध्या मीटरपासून पुढे सरळ निम्मी. सहा एमएमच्या केबलचे ४७ अँपिअर ०.७८ ने गुणले तर ३७ च्याही खाली येतात, म्हणजे ४० च्या एमसीबीला ती केबल १०० मिलिमीटरच्या पहिल्याच थरात कमी पडते. म्हणून दहा एमएमची नवी केबल पट्टीवरून ओढायचे ठरले. तिला उघड्यावर ६४ अँपिअर झेपतात. पण २०० मिलिमीटरच्या गुणकानेच तिचे जेमतेम ४० उरतात, आणि आमची लोकर तर २७० ची. तेव्हा उतरण्याच्या जागेभोवती वरचा १७० मिलिमीटरचा थर घालायचाच नाही आणि खालचा १०० चा तेवढा ठेवायचा, असे ठरले. ६४ गुणिले ०.७८, म्हणजे जवळजवळ ५०. आता ४० च्या एमसीबीला भरपूर जागा राहिली.

बाबांनी इथे आणखी एक गुणाकार सुचवला. ही कोष्टके ३० अंश सेल्सिअसच्या भोवतालासाठी केलेली असतात. "तुमचा माळा थंडीत गारठतो हे खरे, पण उन्हाळ्यात?" असे त्यांनी विचारले. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली होती, आणि त्या दिवशी आमच्या कौलांखाली हात ठेवण्याची सोय नव्हती. ४० अंशांच्या भोवतालात पीव्हीसी केबलसाठी ०.८७ चा गुणक लागतो. ५० ला ०.८७ ने गुणले तर ४३ च्या वर येतात. इलेक्ट्रिशियनने बाबांच्या कागदाकडे बघून अंगठा वर केला. बाबांच्या इंग्रजीची त्या दिवशी कोणालाच गरज पडली नाही.

माळ्याच्या दाराजवळ आधीच्या मालकाने लाकडी फळ्यांखाली पांढऱ्या थर्माकोलचे तुकडे कोंबून ठेवले होते. ते उचलले तेव्हा त्यांच्या खालची दिव्यांची केबल थर्माकोलला चिकटून आली. जिथे स्पर्श झाला होता तिथे थर्माकोलमध्ये केबलच्या आकाराची खाच वितळल्यासारखी पडली होती, आणि केबलचे आवरण उन्हात विसरलेल्या रबरी चपलेसारखे चिकट लागत होते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेले असते, ते थर्माकोलच्या संपर्कात हळूहळू त्याच्यात उतरते. थर्माकोल विरघळतो आणि केबल कालांतराने ठिसूळ होते. यात विजेचा किंवा उष्णतेचा मुख्य संबंध नाही, नुसता स्पर्श पुरतो. इलेक्ट्रिशियनने ५०० व्होल्टच्या मेगरने त्या केबलचा इन्सुलेशन रोध मोजला. किमान एक मेगओहम हवा असतो, आमचा त्याहून पुष्कळ जास्त आला. तरी तेवढा तुकडा त्यांनी बदललाच, आणि सगळा थर्माकोल पोत्यात भरून बाहेर गेला. माळ्याच्या दाराला उलट्या बाजूने थर्माकोलचा तुकडा चिकटवणारे बरेच जण असतात. तो चालतो, फक्त जवळून केबल जात नाही ना, एवढे पाहावे.

तुळयांवर तपकिरी रंगाच्या गोल जोड-डब्याही होत्या, स्क्रूने तारा आवळायच्या. असे जोड कधीही तपासता आले पाहिजेत, म्हणून ते लोकरीखाली पुरता येत नाहीत. काही डब्यांच्या जागी इलेक्ट्रिशियनने स्प्रिंगच्या, देखभाल न लागणाऱ्या डब्या बसवल्या. उरलेल्या वर पट्टीवर घेतल्या. मी प्रत्येक डबीच्या वरच्या वाशाला लाल टेप गुंडाळला, म्हणजे खाली उकरावे लागणार नाही.

न्हाणीघराच्या सीलिंगमध्ये खोलगट बसवलेले दिवे होते. त्यांत अजून दोन ५० वॉटचे हॅलोजन बल्ब टिकून होते. हॅलोजनच्या पाठीशी लोकर टेकली तर आग लागू शकते. माळ्यावरच्या विजेच्या धोक्यांत हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांना ठाऊक असलेला धोका आहे, त्यामुळे मी त्यावर फार लिहीत नाही. दिवे अग्निरोधक एलईडीचे करून घेतले आणि प्रत्येकावर त्यासाठीच मिळणारी टोपी बसवली. एलईडीलाही आपला ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारी छोटी डबी, थंड ठेवावा लागतो, हे मात्र विसरले जाते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर ग्लासवूल टाकायचा विचार करणाऱ्या माझ्या मावसभावाला मी हाच एक भाग फोनवर पुन्हा पुन्हा सांगितला. तिथे ड्रायव्हर तसेच मोकळे वर टाकून दिलेले असतात आणि त्यांच्यावर लोकर आली की ते वर्षभरात जातात.

यानंतर अंथरायचे काम. माळ्याच्या दिव्याचा एमसीबी बंद करून बॅटरीच्या दिव्यावर काम केले, नाकाला एफएफपी३ चा मास्क, डोळ्यांना चश्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. ग्लासवूलचे तंतू कातडीत घुसले की दोन दिवस खाजते आणि अंघोळीनेही जात नाही. पाय फक्त तुळयांवर, किंवा त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर. मधल्या खणात पाय पडला तर तो खालच्या खोलीत दिसतो. पहिला थर वळचणीच्या बाजूने सुरू करून मध्याकडे आणला, मात्र छपराच्या उतरत्या टोकाशी कौलांखालच्या कागदापासून साधारण ५० मिलिमीटर फट ठेवली, म्हणजे वळचणीतून वारा आत येत राहील. माळा उबदार असताना हा वारा फारसा लागत नाही; पण जाड लोकर घातल्यावर माळा गार पडतो, घरातली ओल वर जाऊन कौलांच्या आतल्या अंगाला पाणी सुटते, आणि वारा नसेल तर तेच पाणी तुळयांवर आणि जोड-डब्यांवर ठिबकते.

जुनी लोकर कोरडी होती ती पुन्हा वापरली, उंदरांनी कुरतडलेली टाकून दिली. त्या कुरतडलेल्या जागेच्या आसपास बोटाने केबलचे आवरण चाचपत गेले, कारण उंदीर लोकर कुरतडतात तेव्हा केबलही सोडत नाहीत. एका केबलवर दातांचे ओरखडे होते, तांबे दिसत नव्हते. तरी इलेक्ट्रिशियन पुन्हा आला तेव्हा तो तुकडा बदलून घेतला. दिव्यांच्या ज्या केबलींत ढील होती, त्या पहिल्या थराच्या वर घेतल्या. ज्यांत नव्हती त्या जागीच राहू दिल्या आणि त्यांच्यावर लोकर घातली. केबल वर यावी म्हणून तिला ताण देऊन ओढली तर लोकरीपेक्षा मोठी अडचण तयार होते: तिच्या टोकाच्या स्क्रूतून तार सैल होते, आणि सैल जोड भरपूर तांबे असले तरी तापतो.

दुसरा थर आडवा टाकताना खडूच्या खुणा उपयोगी पडल्या. शॉवरच्या केबलभोवती वरचा थर कापून चौकोनी विहीर ठेवली आणि तिच्या कडा लोकर ढासळू नये म्हणून पुठ्ठ्याने नव्हे, तर पातळ लाकडी चौकटीने बांधल्या. थंड पाण्याच्या टाकीखाली लोकर घातली नाही, तिथे खालून येणारी ऊब टाकीला गोठू देत नाही. टाकीच्या बाजू आणि पाइप मात्र गुंडाळले. सामान ठेवायच्या भागात लोकर दाबून फळ्या ठोकण्याऐवजी प्लॅस्टिकचे उंच पाय लावून त्यांच्यावर फळ्या टाकल्या, म्हणजे लोकरीची जाडी टिकते आणि फळीखालून जाणारी केबल चिरडत नाही. या कामात स्क्रू किती लांबीचे घ्यायचे हे मी नकाशा हातात धरूनच ठरवत होते. तुळईच्या कडेने गेलेल्या केबलमध्ये स्क्रू घुसवणे फार सोपे असते.

काम संपल्यावर हिवाळ्यातल्या एका सकाळी, चौघांच्या अंघोळी उरकताच मी माळ्यावर चढून शॉवरच्या नव्या केबलला पट्टीवर आणि मग विहिरीतल्या उतारावर हात लावून पाहिला. दोन्ही ठिकाणी ती जेमतेम कोमट होती, उतारावर किंचित जास्त. बाबा तोवर परत गेले होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलेस का, असे विचारले, आणि मी हो म्हटल्यावर आकडा लिहून घेतला.

दरवाज्याच्या वरच्या खणात, जिथे वळचणीची उंची इतकी कमी आहे की हात जेमतेम पोचतो, तिथे एक केबल अजून ओळखलेली नाही. ती कोणत्याच एमसीबीला उत्तर देत नाही, बहुधा जुन्या घंटेची मेलेली तार असावी. पण 'बहुधा' एवढ्यावर तिच्यावर लोकर घालायची नाही, असे ठरले आहे. तेवढा खण उघडा ठेवला आहे, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी इलेक्ट्रिशियनला आधी तोच दाखवायचा आहे.